पट्टी नशिबाने तुटत नाही : सॉ मिलमधली बोटं, लोखंडे आणि बाबासाहेब

"बोट गेलं पण जीव वाचला, देवाची कृपा." सॉ मिलमध्ये अपघात झाला की मालक हे बोलतो, मुकादम हे बोलतो आणि आठ दिवसांनी हाताला बँडेज बांधून घरी बसलेला कामगारही हेच बोलायला लागतो. याच्या जोडीला दुसरं वाक्य ठरलेलं असतं : "त्याचंच लक्ष नव्हतं." म्हणजे दोष एकतर नशिबाचा, नाहीतर ज्याचं बोट गेलं त्याचा. मशीनचा नाही आणि मशीनच्या मालकाचा तर अजिबात नाही.

ही दोन्ही वाक्यं खोटी आहेत, आणि ती खोटी आहेत हे गेली दीडशे वर्षं माहीत आहे. मशीन बनवणाऱ्यांना माहीत आहे, कायदा करणाऱ्यांना माहीत आहे. माहीत नाही ते फक्त त्या मशीनपुढे उभ्या असलेल्या आपल्या पोरांना. हे अज्ञान आपोआप तयार झालेलं नाही, म्हणून त्याचा इतिहास बघायला हवा.

आधी मशीन समजून घेऊ. बँड सॉ म्हणजे दात असलेली पोलादाची एक अखंड पट्टी, वर एक चाक आणि खाली एक चाक, त्यांवर ताणून बसवलेली. पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरतो तशी ती फिरते, फक्त या पट्ट्याला दात असतात. पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये, नागपूरच्या लकडगंजात, बल्लारशाच्या सागवानी डेपोच्या आसपास ज्यांनी काम केलंय त्यांना हे सांगायची गरज नाही. १८०८ साली लंडनमध्ये विल्यम न्यूबेरी नावाच्या माणसाने या यंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना उत्तम होती, पण यंत्र चाललं नाही. कारण एकच, पट्टी तुटायची. पट्टी अखंड करायची तर तिची दोन टोकं जोडावी लागतात, आणि चाकांवर सतत वाकूनही टिकेल असा जोड त्या काळच्या कारागिरांना जमत नव्हता. जवळपास चाळीस वर्षं हे यंत्र कागदावरच राहिलं म्हटलं तरी चालेल.

हा प्रश्न सोडवला एका बाईने. फ्रान्समधल्या अॅन पॉलिन क्रेपँ यांनी पट्टीची टोकं जोडण्याच्या पद्धतीचं पेटंट १८४६ साली मागितलं. पुढे पॅरिसच्या पेराँ कंपनीने त्यांच्याकडून ती पद्धत वापरायचा हक्क विकत घेतला, चांगलं पोलाद आणि पाणी देण्याची सुधारलेली रीत तिला जोडली, आणि आज आपण पाहतो तो बँड सॉ उभा राहिला. कारखान्यांच्या इतिहासात या बाईचं नाव किती ठिकाणी येतं ते शोधून बघा. सावित्रीमाई आणि फातिमाबींचा इतिहास कसा झाकला गेला हे ज्यांना माहीत आहे त्यांना याचं नवल वाटणार नाही.

मुद्दा असा की पट्टी का तुटते हा प्रश्न या यंत्राच्या जन्मापासूनचा आहे आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी सापडलेलं आहे. लोखंडी तार हाताने मागेपुढे वाकवत राहिलं की ती एका जागी तापते आणि तुटते. पट्टीचंही तेच होतं. साधा हिशेब करा. पट्टी ५ मीटर लांब आणि तिचा वेग मिनिटाला १००० मीटर धरला तर ती मिनिटाला २०० फेऱ्या मारते. प्रत्येक फेरीत दोन चाकांवर दोनदा वाकते आणि दोनदा सरळ होते. म्हणजे मिनिटाला ४००, तासाला २४ हजार आणि आठ तासांच्या पाळीत १ लाख ९२ हजार वेळा वाकणं. पोलाद थकतं. दोन दातांमधल्या खाचेच्या तळाशी केसाएवढी चीर पडते, ती वाढत जाते आणि एका क्षणी पट्टी सुटते.

हे थकणं लवकर होईल की उशिरा, ते माणसाच्या हातात असतं. पट्टीची जाडी चाकाच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाएवढी असावी असा जुना ठोकताळा आहे. ९०० मिलिमीटरच्या चाकावर ०.९ मिलिमीटरची पट्टी ठीक, त्याहून जाड चढवली की ती दर फेरीला जास्त सोसते. दात बोथट झाले की लाकूड जोराने रेटावं लागतं आणि सगळा ताण पट्टीवर येतो. चाकावर डिंक आणि भुसा साचून थर बसला की पट्टी उड्या मारते. गाईड झिजले की पट्टी मागे सरकून घासते. जुन्या घराच्या वाशात खिळा असतो, रस्त्याकडेच्या झाडात कुणीतरी पाटी ठोकलेली असते. आणि सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे तुटलेली पट्टी पुन्हा पुन्हा जोडून वापरणं. वेल्डिंग केल्यावर जोडाला परत हलकी आच देऊन तो नरम करावा लागतो. हे केलं नाही तर जोड काचेसारखा ठिसूळ राहतो. त्याला काही मिनिटं लागतात. पण ऑर्डर थांबलेली असते, मालक डोक्यावर उभा असतो आणि तीच काही मिनिटं वाचवली जातात.

आता यात नशीब कुठे आलं? बोथट दात, जाड पट्टी, कच्चा जोड ही सगळी कारणं आहेत आणि प्रत्येक कारणाच्या मागे कुणाचा तरी निर्णय आहे. हे असेल तर ते होतं, हे नसेल तर ते होत नाही, हा तथागतांचा कार्यकारणाचा नियम आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतो आणि कारखान्याच्या दारात विसरतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला त्याच मशीनला हार घालतात, हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. हार घालायला वर्षातून एकदा वेळ असतो आणि चाकावरचं झाकण परत बसवायला वर्षभर नसतो. आपण दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणारी माणसं आहोत. यंत्राची पूजा करणाऱ्यांना निदान आपल्या पोरांनी तरी विचारावं, की गार्ड कुठे आहे?

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पट्टी तुटून होणारे अपघात भीतिदायक असतात, पण बोटं जातात ती जास्त करून न तुटलेल्या, नीट चालू असलेल्या पट्टीवर. दोन्हींचा उपाय मात्र एकच आहे. वरचं आणि खालचं चाक पूर्ण झाकलेलं हवं, म्हणजे तुटलेली पट्टी आतच गुंडाळून पडते. आणि वरचा गाईड खाली आणून लाकडाच्या उंचीपुरतीच पट्टी उघडी ठेवायची. सहा इंची लाकडासाठी दोन फूट पट्टी उघडी ठेवून काम चाललेलं असतं, ते अपघाताला आमंत्रणच. पट्टी तुटलीच तर स्विच बंद करून मागे सरायचं आणि दोन्ही चाकं पूर्ण थांबेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. बस, एवढंच. यात कुठलं परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. लागतो पत्रा आणि चार बोल्ट.

यंत्राचा धोकादायक भाग झाकला पाहिजे हे ब्रिटनच्या कायद्यात १८४४ साली आलं. भारतात १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायची तरतूद आली. पण हा कायदा १०० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. ज्याचं बोट गेलं त्याला भरपाई देण्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

ती मागणी कुणी केली? पाठ्यपुस्तकात मोठ्या नावांच्या यादीत हे नाव शेवटी येतं किंवा येतच नाही. नारायण मेघाजी लोखंडे. माळी समाजातले, जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम होतं, पगार महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा हे होतं. रविवारच्या सुट्टीबद्दल आपण सगळे बोलतो. लोखंड्यांच्या जयंतीला व्हॉट्सअॅपवर तेवढंच फिरतं. पण त्या निवेदनातली पाचवी मागणी वाचा. काम करताना कामगार जखमी होऊन काही काळ कामाला मुकला तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची योग्य सोय व्हावी.

हे १८८४ साल आहे. काँग्रेसची स्थापना व्हायला अजून एक वर्ष होतं. मार्क्सवादी पक्ष या देशात यायला आणखी चार दशकं होती. जखमी शरीर ही मालकाची जबाबदारी आहे, कामगाराचं प्रारब्ध नाही, हे एका सत्यशोधकाने तेव्हाच लिहून दिलं होतं. सत्यशोधक विचार सोडून ही मागणी सुचलीच नसती असं माझं मत आहे. गेल्या जन्मीच्या पापाने हात तुटतो असं मानणारा माणूस भरपाई मागत नाही, तो शांती करून घेतो.

भरपाईचा कायदा आला १९२३ साली, लागू झाला १ जुलै १९२४ पासून. लोखंडे तोवर हयात नव्हते. १८९७ च्या प्लेगमध्ये लोकांची सेवा करताना त्यांचा मृत्यू झाला होता. निवेदनापासून कायद्याच्या अंमलापर्यंत चाळीस वर्षं गेली, आणि मिळालं तेही अर्धवट. तात्पुरत्या अपंगत्वात या कायद्याने पूर्ण पगार दिलाच नाही. आजही या कायद्याखाली दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला अर्धा पगार मिळतो. ईएसआयमध्ये नोंद असेल तर साधारण ९० टक्के. लोखंड्यांनी १०० टक्के मागितले होते.

आता बाबासाहेबांकडे येऊ. आपल्याकडे दर १ मेला एक पोस्टर फिरतं : बाबासाहेबांनी १४ तासांचं काम ८ तासांवर आणलं. पोस्टर चांगल्या भावनेने बनवलेलं असतं, पण ते आपल्या विरोधकांच्या हातात कोलीत देतं. खरा इतिहास पोस्टरपेक्षा कमी नाही. १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास होते. बाबासाहेब जुलै १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने हे तास ४८ झाले आणि जादा कामाला दुप्पट दर आला. हे पुराव्यानिशी सांगता येतं, मग फुगवायचं कशाला? थकलेल्या माणसाचा हात घसरतो. आठवड्याचे सहा तास कमी होणं ही करवतीपुढे उभ्या माणसासाठी बोटं वाचवणारी गोष्ट आहे.

त्याच काळातलं दुसरं काम पोस्टरवर कधीच येत नाही. १९४५ साली केंद्राच्या मजूर खात्यात कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचं कार्यालय सुरू झालं. कारखान्यातली सुरक्षा आणि आरोग्य यांवर देशपातळीवर सल्ला देणारी आजची संस्था त्यातूनच वाढली. १९४३ मध्ये आजारपण आणि अपघात विम्याची योजना आखायचं काम प्रा. अडारकरांकडे दिलं गेलं, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९४८ मध्ये ईएसआय कायदा झाला. १९४८ चाच कारखाना कायदा. यंत्राचा प्रत्येक धोकादायक भाग, ते चालू असताना, पक्का झाकलेला असला पाहिजे हे त्याच्या कलम २१ मध्ये सांगितलं आहे. तो मंजूर झाला तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते आणि मजूरमंत्री होते जगजीवन राम. बाबासाहेब आणि बाबूजींमधले मतभेद माहीत असूनही हे नोंदवायला हवं, की या देशातल्या कामगाराच्या हाताभोवती कायद्याचं कुंपण उभं करण्यात चांभार आणि महार समाजात जन्मलेल्या दोन माणसांचा मोठा वाटा आहे. ज्यांच्या हाताला गावात पाण्याचं भांडं शिवू दिलं जात नव्हतं ती ही माणसं.

पण कायद्याने जे दिलं ते वर्कशॉपपर्यंत का पोचलं नाही? याचं उत्तर बाबासाहेबांनीच फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला, जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत दिलं होतं. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, एवढंच त्या भाषणातलं आपल्याला आठवतं. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतली कामाची उतरंड मांडली आहे. अस्पृश्य माणूस गँगमन होतो आणि गँगमनच राहतो. वर्कशॉपमध्ये तो क्वचितच मेकॅनिक होतो, फोरमन किंवा चार्जमन तर जवळपास नाहीच, तो हमाल म्हणून येतो आणि हमाल म्हणूनच जातो. तेव्हा रेल्वेचे डबे सागवानी लाकडाचे असत. माटुंगा आणि लोअर परळच्या कारखान्यांत मोठमोठ्या करवती चालत. करवतीवर मिस्त्री कोण होता आणि ओंडका उचलून आणणारा कोण होता, हे या मांडणीवरून ओळखा.

गिरण्यांमध्ये विणखात्याचं जास्त पगाराचं काम अस्पृश्यांना बंद होतं हे आपण ऐकलेलं असतं. तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे, त्यात विटाळ होतो हे कारण. पण जात फक्त पगार ठरवत नाही, ती ज्ञानही वाटते. पट्टीला ताण किती द्यायचा, जोड कसा नरम करायचा, गाईड कधी बदलायचा हे मिस्त्रीला माहीत असतं. हेल्पर पलीकडून लाकूड ओढतो, त्याला फक्त 'ओढ' आणि 'थांब' माहीत असतं. पट्टी तुटण्याआधी आवाज बदलतो, टक-टक येते, कारण चीर गाईडवरून जाताना आपटते. मिस्त्रीला ती टक-टक काय सांगते ते कळतं आणि तो मागे सरतो. हेल्परला कुणी सांगितलेलंच नसतं.

इथे सुतारांना शिव्या देणं हा माझा हेतू नाही. सुतारही बलुतेदारच, तोही या व्यवस्थेने गाडलेला. पण कौशल्य बापाकडून मुलाकडेच जायचं, ही रीत पवित्र मानली की हेल्परचा मुलगा हेल्परच राहतो. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत सरकार गुरु-शिष्य परंपरा आणि कुटुंबातून चालत आलेल्या कारागिरीचं कौतुक करतं तेव्हा आपल्याला हेच खटकतं. बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य मुलांना तांत्रिक शिक्षण मिळावं, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वे वर्कशॉपमध्ये उमेदवार म्हणून घेतलं जावं अशी मागणी केली होती. परंपरा नको, प्रशिक्षण द्या. या दोन शब्दांमध्ये अख्खी जातव्यवस्था उभी आहे.

आणि आज? सॉ मिलला परवाना वनखात्याचा लागतो. गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर तर त्यावर कडक नजर आहे. किती घनमीटर लाकूड आत आलं, किती बाहेर गेलं याची वही असते. जंगल वाचलं पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण लाकडाचा हिशेब मागणारं सरकार बोटांचा हिशेब मागत नाही, कारण १९४८ च्या कायद्यात वीज वापरणारा कारखाना कारखाना ठरायला किमान १० माणसं लागायची. सहा-आठ माणसांची सॉ मिल त्यात बसायचीच नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा वीज असेल तर २० आणि नसेल तर ४० केली. १८८१ पासून जे कुंपण १०० वरून ५०, २० आणि १० असं खाली आणत लहान कामगारापर्यंत पोचवलं गेलं होतं, ते परत वर उचललं गेलं. याच्या विरोधात आपल्या संघटनांनी किती मोर्चे काढले?

तरीही एक दार उघडं आहे आणि कार्यकर्त्यांनी ते पाठ करून ठेवावं. १९२३ चा भरपाईचा कायदा, ज्याच्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या आहेत, तो विजेवर चालणाऱ्या कामाच्या जागेला माणसं किती हे विचारत नाही. तिघेच असले तरी भरपाई. रोजंदारीवर असला तरी भरपाई. ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालकावर दावा करता येतो. "त्याचंच लक्ष नव्हतं" हा या कायद्यात बचाव नाही. दारू प्यालेला असणं, स्पष्ट दिलेला सुरक्षेचा हुकूम मुद्दाम मोडणं किंवा गार्ड मुद्दाम काढणं असेल तरच मालक सुटतो, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तेव्हाही सुटत नाही. जो गार्ड मशीनवर कधी बसवलाच नव्हता तो कामगाराने काढला असं मालक कसं म्हणणार?

कायद्याच्या तक्त्यात बोटांची किंमत लिहिलेली आहे. वाचताना अंगावर काटा येतो, पण वाचा. अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, एका हाताची चारही बोटं ५०. २५ वर्षांचा मुलगा, पगार १२ हजार. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००, त्याला त्याच्या वयाचा ठरलेला गुणक २१६.९१, आणि त्या रकमेचे १४ टक्के. तर्जनीचे झाले सुमारे २ लाख १८ हजार रुपये. मालक पाच हजार हातावर ठेवतो, दवाखान्याचं बिल भरतो आणि वर उपकार केल्यासारखा बोलतो. महिनाभरात रक्कम दिली नाही तर त्यावर १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो.

हजेरीपट नसतो, पगाराची पावती नसते हे खरं. म्हणून अपघात झाल्या दिवशी जखमीला शक्यतो सरकारी दवाखान्यात न्या आणि केसपेपरवर अपघात कुठल्या मिलमध्ये, कुठल्या मशीनवर झाला हे लिहून घ्या. मशीनचा फोटो त्याच दिवशी काढा, कारण दुसऱ्या दिवशी गार्ड बसलेला असतो. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं घ्या. आणि मालकाच्या गोड बोलण्यावर दिवस घालवू नका, दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे.